बसलं का, गुर्जी?

आप्पांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नाही, पाण्याची नळी मिळते.

तीस-पस्तीस हात लांबीची, आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी. गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात, तीच. नळीत पाणी भरलेलं, दोन्ही टोकं दोन काठ्यांना बांधलेली आणि काठ्यांवर लाल रंगाच्या खुणा. एक काठी आप्पांच्या हातात. दुसरी तुमच्या हातात, तीही तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात हे सांगायच्या आत. मग आप्पा तुम्हाला रानातल्या उतारावर नेऊन एका जागी उभं करतात, स्वतः पलीकडे जातात आणि ओरडतात, "हलू नका! श्वास घ्या, पर बेतानं घ्या!"

नळीतलं पाणी जरा वेळ वर-खाली डुलतं आणि थांबतं. दोन्ही काठ्यांवर ते एकाच खुणेला आलं, की दोघांच्या पायाखालची जमीन एका पातळीत आहे असं समजायचं. तिथे चुन्याची फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. फक्कीच्या ठिपक्यांची जी वाकडीतिकडी रेघ तयार होते तिच्यावर बांध घालायचा, म्हणजे उतारावरून पळणारं पाणी तिथे थांबतं आणि त्याच्याबरोबर निघालेली मातीही थांबते. शास्त्र एवढंच आहे. अडचण अशी, की नळीला माणसं दोन लागतात आणि आप्पा एकटे. बायको जाऊन सात वर्षं झाली, एकुलती एक लेक परंड्याला दिली.

त्यामुळे येईल तो माणूस नळीला जुंपला जातो. मीटर वाचायला येणारा, गुरांचा डॉक्टर, पोलिओ पाजायला आलेल्या नर्सबाई, कुणीही सुटलेलं नाही. एक विमा एजंट दोन तास उन्हात काठी धरून उभा होता. जाताना त्याने विम्याचं नावही काढलं नाही, फक्त हात जोडले. गावातले लोक आता आप्पांना रामराम घालतात तो लांबूनच, आणि हात खिशात ठेवून.

आम्ही वाशी तालुक्यातले, तेरखेड्याच्या अलीकडचे. आप्पांचा आणि माझा शेजार दुहेरी आहे. गावात घराला घर लागून आणि रानात बांधाला बांध लागून. मी इथल्याच शाळेवर मास्तर. दिवसभर मी पोरांना 'हलू नका' म्हणतो आणि शाळा सुटली की आप्पा मला म्हणतात.

"बसलं का, गुर्जी?"

नळीतलं पाणी डुलायचं थांबलं, की आप्पांच्या भाषेत ते 'बसतं'. हा शब्द त्यांच्या तोंडात असा काही बसला आहे, की जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते तोच लावतात. माझा रक्तदाब वाढला तेव्हा भेटायला आले आणि खाटेशी उभं राहून म्हणाले, "बसलं का?" ग्रामपंचायतीचा निकाल लागला, दोन पार्ट्यांत हाणामारी झाली, तेव्हाही तेच. शेजारच्या सुनेचं बाळ रात्रंदिवस रडत होतं, तर दारात जाऊन विचारून आले. कुठलीही गोष्ट डुलायची थांबेपर्यंत तिच्याविषयी मत द्यायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. हा नियम गावाने पाळायचा ठरवला, तर आमच्या पारावर कुणाला बोलताच येणार नाही.

या खटाटोपाचं कारण मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. निदान तसं आम्ही समजत होतो. कारण म्हणजे सोपान.

सोपान हा आप्पांचा धाकटा भाऊ. बारा वर्षांनी लहान. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत वाटणी झाली. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, कारण केलीच तर वाईट वाटा त्याच्याच गळ्यात पडतो. रान आठ एकर, सगळं उताराचं, एका अंगाने ओढा. कुणीही शहाण्या माणसाने दोरी उभी धरली असती. दोघांनाही थोडं वरचं, थोडं खालचं आलं असतं. आप्पांनी दोरी आडवी धरली. वरचं चार एकर निव्वळ मुरूम, खालचं चार एकर काळंभोर, विहिरीसकट. बावीस वर्षांच्या सोपानने खालचं उचललं आणि आप्पा येडा आहे हे गावात कायमचं ठरून गेलं.

पुढे बरीच वर्षं नळीचं दुसरं टोक सोपानच धरायचा. दोघे भाऊ उतारावर 'बसलं का' 'बसलं' अशा आरोळ्या देत असायचे. मग एक वर्ष कोरडं गेलं. सोपानच्या विहिरीने तळ दाखवला. पारावर कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की वर भाऊ पाणी अडवून बसलाय, तुला कुठनं येणार? सोपानने तहसिलीत अर्ज दिला: 'माझ्या हिश्श्याचे पावसाचे पाणी वरील बाजूच्या भावाने बांध घालून अडविले असून ते मोकळे करून मिळावे.' चौकशीला कारकून आले. त्यांनीही नळी धरली. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली, चौकशी चालू आहे.

तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद झालं. अर्ज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी पारावर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "पाण्याचा एक लोट, मातीचं एक टोपलं म्या सोपानच्या रानात जाऊ देणार न्हाय. माझ्या जित्याजी न्हाय!"

गावाला असलं काही ऐकायला मिळालं, की पावसाची आठवणही होत नाही. भाऊबंदकीचा असा मासला पंचक्रोशीत नाही म्हणून आम्ही पाहुण्यांना आप्पांचं रान दाखवायला नेऊ लागलो. आप्पांचे बांध एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि प्रत्येक बांधाबरोबर लोक म्हणायचे, बघा, भावावरचा राग किती लांबीचा आहे! मीही म्हणायचो. मी तर जरा जास्तच रंगवून म्हणायचो, कारण मला बोलायची सवय आहे.

सोपानच्या विहिरीला आता होळीपर्यंत पाणी टिकतं. पूर्वी संक्रांतीला संपायचं. वरचं पाणी जिरून खाली झिरपतं, हे मी पाचवीच्या वर्गात चित्र काढून शिकवतो. पण ते चित्र आमच्याच बांधाचं आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. सोपानने त्याचं श्रेय विहिरीला दिलं.

एक गोष्ट मात्र चालू होती. सोपानची बायको अधूनमधून आमच्याकडे वाटी पाठवायची, "आप्पास्नी द्या, तुमच्या घरची म्हणून द्या." मी नेऊन द्यायचो. आप्पा चवीने खायचे आणि म्हणायचे, "गुर्जी, तुमच्या घरच्या ठेच्याला आमच्या आईच्या हातची चव येलालीय." मी घाम पुसायचो.

आता बांधाविषयी. आमच्या गावात बांध ही कागदावरची वस्तू आहे. प्रत्येक नांगरटीला या बाजूचा नांगराचं एक तास आत घेतो, पुढच्या वर्षी त्या बाजूचा घेतो. याला बांध कोरणं म्हणतात आणि हा गुन्हा नसून सवय आहे. काही बांध इतके बारीक झालेत, की त्यांच्यावरून चालायचं तर पावलं एकापुढे एक ठेवावी लागतात. अशा गावात एका वर्षी माझ्या लक्षात आलं, की आप्पांच्या आणि माझ्या मधला बांध रुंद होतोय. दरवर्षी हातभर. त्यावर आप्पांनी सीताफळं लावली, गवत लावलं. मी सावध झालो. माणूस बांध रुंद करतोय म्हणजे नक्कीच माझ्यात घुसतोय! मी दोन रात्री तळमळलो आणि मोजणी मागवली.

मोजणीदार आले. आधी नळी धरली, मग मोजणी केली. बांध सगळाच्या सगळा आप्पांच्या हद्दीत निघाला. वर माझाच नांगर आप्पांच्या बाजूला चार बोटं गेलेला होता. आप्पा मोजणीदाराला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गुर्जींचा बैल डाव्या अंगाला वढतो." माझ्याकडे तेव्हा बैल नव्हता, भाड्याचा ट्रॅक्टर होता. मला खरोखर लाज वाटली.

आप्पांच्या लेकीच्या लग्नातही बांधच आडवा आला. पहिलं स्थळ चांगलं होतं. मुलगा नोकरीला, घर मोठं. आप्पा घर न बघता आधी त्यांचं रान बघून आले आणि म्हणाले, "बांध कोरलेत त्यांनी. लेक न्हाय द्यायची." परंड्याचं स्थळ आलं तेव्हा मुलाचे वडील पांढरेशुभ्र कपडे घालून आले होते. पोहे व्हायला वेळ होता, म्हणून आप्पांनी त्यांना उतारावर नेलं. तासाभराने गृहस्थ गुडघाभर मातीत माखून परतले आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे. हुंड्याचं काही नाही. फक्त लग्नाची बैठक आमच्याकडे ठेवा."

सरकारी लोकांचंही आप्पांवर प्रेम आहे. पाणलोटाची माहिती देणारा एक मोठा बोर्ड त्यांच्या रानात लावला गेला, तोही नेमका बांध खोदून. एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यशाळा होती. थंडगार हॉल, पडद्यावर चित्रं, प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची बाटली. साहेब दीड तास थेंबाथेंबाचं महत्त्व सांगत होते. शेवटी कुणाला काही शंका? आप्पा उठले. "साहेब, तुमच्या गच्चीवरचं पाणी कुठं जातं?" साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

पण कळस झाला तो जलपूजनाला. आप्पांच्या शेततळ्याचं जलपूजन एका पुढाऱ्यांच्या हस्ते ठरलं. तारीख त्यांच्या सोयीची, पावसाच्या सोयीची नव्हती. तळं कोरडं ठणठणीत. कार्यकर्त्यांनी धावपळ करून दोन टँकर आणून ओतले. हार, नारळ, फोटोग्राफर सगळं जमलं. आप्पांनी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"टँकरचं."

"टँकर कुठनं भरला?"

"शेजारच्या गावातनं. विहिरीवरनं."

आप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजी त्यांची हीर उपसून माझं तळं भरलं, आन् पूजा पावसाची?" पुढारी हसले. पुढाऱ्यांना हसायची सवय असते. तेवढ्यात त्यांच्या हातात काठी आली. फोटोग्राफर समोर असल्यामुळे त्यांना ती सोडता येईना. पाऊण तास ते आडव्या उतारावर एका पायावर भार देऊन उभे होते आणि आप्पा पलीकडून ओरडत होते, "बसलं का? हलू नका, बसंना झालंय!" दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं: शेतकऱ्याला ठिबक संचाची नळी प्रदान करताना.

असे आम्ही हसत होतो. गेल्या वर्षी भाद्रपदाच्या शेवटी पाऊस लागला. आमच्याकडे पावसाची वाट बघायची सवय आहे, तो थांबायची वाट कशी बघायची हे आम्हाला येत नाही. तीन दिवस तो एकसारखा कोसळला. शाळा बंद. सोपानने सोयाबीन काढून रानातच ढीग घालून ताडपत्रीने झाकला होता. वर्षाचं सगळं पीक त्या ताडपत्रीखाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या दारात उभे राहिले. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात दोन खोरी. "गुर्जी, चला."

या वेळी नळी नव्हती, म्हणून मी घाबरलो.

वरचे सगळे बांध भरून एकातून दुसऱ्यात सांडत होते. शेवटचा बांध, सोपानच्या रानाच्या अगदी डोक्यावरचा, काठोकाठ आला होता. पाणी जास्त झालं तर निघून जावं म्हणून एका टोकाला दगडी सांडवा होता, पण येणाऱ्या पाण्यापुढे तो कुठेच पुरेना. बांधाची माती पायाखाली लिबलिबत होती. तो फुटला असता तर सगळ्या उताराचं पाणी एकदम खाली गेलं असतं, आणि ढीग तर राहोच, सोपानचं रानही राहिलं नसतं.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला, आप्पांची एक पट्टी होती. अर्धा एकर असेल. त्या मुरमाड रानात तेवढीच काळी. ती देवाने दिलेली नव्हती. प्रत्येक पावसानंतर बांधाशी साचलेला गाळ आप्पांनी टोपल्यांनी तिथे नेऊन टाकला होता. दरवर्षी, डोक्यावरून. आधी बायकोबरोबर आणि मग एकट्याने. पट्टीवर कांदा उभा होता.

"हितं फोडायचं," आप्पा म्हणाले, आणि पट्टीच्या तोंडाशी बांधावर खोरं घातलं.

"आप्पा, अहो पट्टी जाईल!"

"बोलू नका गुर्जी, खांदा."

आम्ही खणलं. हातभर खाच पडली आणि पुढचं काम पाण्याने आपलं आपणच केलं. खाच दारासारखी उघडली. पाणी पट्टीवर घुसलं, कांदा दिसेनासा झाला, मग माती सुटायला लागली. काळं पाणी ओढ्याकडे पळत होतं. अर्ध्या तासात खालचा पांढरा मुरूम उघडा पडला. आप्पा खोऱ्यावर रेलून बघत होते. बांधामागचं पाणी उतरलं. सोपानच्या रानात ताडपत्री होती तशी होती.

मी न राहवून म्हणालो, "आप्पा, ज्याच्याशी दहा वर्षं बोलत नाही, त्याच्यासाठी?"

"वाटे म्या घातले व्हते, गुर्जी," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि घराकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी उघडलं. आप्पा खिंडार बुजवायला गेले, मीही गेलो. आम्ही दगड लावत होतो, तर खालून सोपान चढून आला. खांद्यावर खोरं, पायात नव्या चपला. बहुधा दुसरीकडे कुठे निघालेला असावा आणि मध्येच वाट बदलली असावी. खिंडाराच्या पलीकडे तो उभा राहिला. अलीकडे आप्पा. दोघांत सहा हातांचं अंतर, आणि दोघेही बघत होते माझ्याकडे.

"गुर्जी," सोपान म्हणाला, "त्यास्नी इचारा, बांध किती रुंद घालायचाय."

"त्याला सांगा, व्हता तेवढाच."

"गुर्जी, त्यास्नी म्हणावं, ह्या आंगाला सांडवा आनखी एक पायजे."

"त्याला इचारा," आप्पा म्हणाले, "अर्जाचं काय झालं."

सोपानने मान खाली घातली. "चौकशी चालू हाय म्हणा."

मला हसू आलं, पण ते गिळलं. सोपान दगड उचलून द्यायला लागला. मी मधे उभा राहून दगड इकडून तिकडे करत होतो. पट्टीकडे त्याने एकदा बघितलं आणि मग बघायचं टाळलं.

बऱ्याच वेळाने आप्पा थांबले. "गुर्जी, त्याला सांगा." त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटेना. "ह्यो पाळण्यात व्हता तवा खालचं रान एकदा सगळं वाहून गेल्तं. आई बांधावर बसून रडली ती मी बघितल्याली. मला त्या रानाचं भ्या बसलं. वाटणीला म्हणून दोरी आडवी धरली. काळं रान बघून ह्यो तेच उचलील, मला ठाऊक व्हतं. खाली काय होतंय ते सांगाय पायजे व्हतं. म्या बोललो न्हाय. सांगा त्याला."

मी काय सांगणार? इतकी वर्षं या माणसाच्या बांधांची मी टिंगल केली होती. मास्तर असून मला एक वाक्य पुढे नेता आलं नाही.

न्यायची गरजही नव्हती. सोपान हातातला दगड तसाच धरून उभा होता.

"बानं मला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "वाटणीच्या आदल्या दिवशी. खालचं उचलू नको, पाण्यानं फाटतंय म्हणला."

"मग उचललं कशाला?" मी विचारलं.

सोपान माझ्याकडे न बघता बोलला. "वर दादा हाय म्हणल्यावर खाली कशाची भीती, म्हणलं."

आप्पांनी खोरं खाली ठेवलं. उपरण्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग सोपानच्या पायांकडे बघून म्हणाले,

"आधी त्या चपला काढ. रुतशील."